गुरुवारचे वक्ते आणि ताईची बस

आभारराव हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते क्लबानं ठेवलं आणि इतकं चिकटलं की ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कोट टाकायला येणारी अनोळखी माणसंसुद्धा "आभारराव आहेत का?" असंच विचारायची. मग वाफेच्या इस्त्रीमागून "आहेत, आहेत" म्हणत ते बाहेर यायचे. नावाबद्दल तक्रार केली असती तर समोरचा अवघडला असता, आणि समोरच्याला अवघडवणं त्यांना जन्मात जमलं नाही.

माणूस भिडस्त. म्हणजे किती, तर एकदा एक गृहस्थ भलताच कोट आपला म्हणून अंगात चढवून, आरशात बघून, खूश होऊन दुकानातून निघून गेले. आभाररावांना दिसत होतं की हा कोट यांचा नाही. बाह्यासुद्धा तोकड्या होत होत्या. पण इतक्या आनंदात असलेल्या माणसाला थांबवायचं कसं? खऱ्या मालकाची समजूत घालताना त्यांचा आठवडा गेला आणि जेवणावरची वासनाही गेली. "भीड भिकेची बहीण," असं त्यांची बायको दिवसातून एकदा तरी म्हणायची. ते मान डोलवायचे आणि जे करायचं तेच करायचे.

क्लब म्हणजे सेवा क्लब. रक्तदान, जुने चष्मे गोळा करून वाटणं, शाळेला पंखे, असली कामं. सभा दर गुरुवारी संध्याकाळी, बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. आणि दर गुरुवारी एक पाहुणा वक्ता हवाच, असा क्लबाचा दंडक. वक्ता शोधायचा, त्याला आणायचं, त्याची ओळख करून द्यायची, शेवटी आभार मानायचे, हे सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. हे काम कुणी घेतं का, असं एका वार्षिक सभेत अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांना एकदम आपापल्या बशीतल्या बिस्किटांबद्दल कुतूहल वाटू लागलं. अध्यक्ष बिचारे नजर फिरवत उभे. ती नजर आभाररावांना सोसली नाही आणि त्यांनी हात वर केला. तेव्हा त्यांचे केस काळे होते.

पुढे दरवर्षी तो प्रश्न निघायचा आणि दरवर्षी त्याआधीच टाळ्या पडायच्या. "तुमच्यासारखं कुणाला जमणार!" एकदा का माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवला की त्याला खाली उतरवायची जबाबदारी कुणाचीच नसते.

वक्ते तरी कसले कसले यायचे. एका दंतवैद्यानं किडलेल्या दातांची चित्रं चहाच्या आधी दाखवली, त्या दिवशी बिस्किटं तशीच परत गेली. सायकलवरून देश पालथा घातलेला एक जण आला, तो तासभर पंक्चरांबद्दलच बोलला. एक निवृत्त न्यायाधीश स्वतःची ओळख चालू असताना झोपले. कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई मात्र अशा बोलल्या, की हॉलच्या कोपऱ्यातली जळमटं पुढे महिनाभर झाडायला कुणी धजावलं नाही. पण वक्ता कसाही असो, शेवटी आभारराव उभे राहायचे, चष्मा पुसायचे आणि त्या तासाभराच्या भुशातून एक तरी दाणा काढून दाखवायचे. पंक्चरवाल्याला ते म्हणाले होते, "थांबावं लागणं हासुद्धा प्रवासच असतो, हे आज आम्हाला कळलं." सायकलवाल्याचे डोळे भरून आले. आपण एवढं बोललो हे त्यालाही तेव्हाच कळलं असावं.

आता खरं सांगायचं तर आभाररावांना ते आवडायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या कपड्यांवरचे डाग बघणारा माणूस. आठवड्यातून एकदा चाळीस माणसं त्याच्या तोंडाकडे बघायची. नुसत्या भिडेनं एवढी वर्षं कुणी अडकून पडत नाही, त्यात थोडी गोडीही असावी लागते.

दाराच्या कडीचा नियम त्यांचाच. एका गुरुवारी एक म्हातारे शिक्षक बोलायला आले होते. आवाज बारीक, विषय रुक्ष. एक जण उठला, त्याच्या आडोशानं दुसरा, मग फोन आल्याचं नाटक करत तिसरा. शेवटी हॉलमध्ये अध्यक्ष, आभारराव आणि पेंगणारे खजिनदार एवढेच उरले. मास्तरांनी हातातले कागद अर्ध्यातच गुंडाळले आणि "बाकीचं काही विशेष नाही" म्हणाले. त्यांना घरी सोडून आल्यावर आभाररावांना रात्रभर डोळा लागला नाही. पुढच्याच सभेत त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, एक ठराव मांडला. वक्त्यानं तोंड उघडलं की दाराला आतून कडी. सगळे फोन बंद करून दाराजवळच्या ट्रेमध्ये. आणि आभारप्रदर्शन होईपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही. उठायचं ते फक्त आभार मानणाऱ्यानं. तो उभा राहिला की वक्त्यानं समजायचं, वेळ संपली. ठराव एकमतानं मंजूर झाला. कडी लावायचं कामही अर्थात त्यांनाच मिळालं.

आणि मग ताईचा फोन आला.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा आभारराव इतके लहान होते की त्यांना आईचा चेहराच आठवत नाही. आई म्हटलं की डोळ्यांसमोर ताईच येते, दोन वेण्या घातलेली, शाळेत जायच्या वयाची. ती शाळेत गेलीच नाही. धाकट्याला आंघोळ घालायची, भरवायची, त्याचा अभ्यास घेता घेता स्वतः चार अक्षरं शिकायची. तिला बघायला आलेली पहिली दोन स्थळं तिनंच परत पाठवली, म्हणे छोट्याची दहावी होऊ दे. त्यांना छोट्या म्हणणारं जगात आता तेवढं एकच माणूस उरलं होतं. ती परगावी, स्वतःच्या संसारात. गुडघे गेलेले, नजर अधू. आता तिचा मुलगा तिला कायमचं आपल्याकडे परदेशी नेत होता. तिकडून ती परत येण्यातली नव्हती, आणि आभारराव तिकडे जाण्यातले नव्हते. हे दोघांनाही ठाऊक होतं.

विमानतळाकडे जाणारी तिची बस वाटेत यांच्याच गावच्या स्टँडवर थांबणार होती.

"अर्धा तास थांबते म्हणे गाडी," ताई फोनवर म्हणाली. "मी खाली उतरून बसेन. येशील ना रे?"

हा काय प्रश्न झाला, असं आभारराव म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. गुरुवार.

बायकोनं तिथल्या तिथे सांगितलं, या गुरुवारी क्लबाला सुट्टी द्या. आभाररावांचं म्हणणं, बस आठला आणि सभा साडेसातला संपते, स्टँड तर हॉलच्या खिडकीतून दिसतो, काळजी कसली? शिवाय वक्ता त्यांनीच बोलावलेला. पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त इंजिनिअर, दोन महिने आधी तारीख घेतलेले. त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करायचं म्हणजे कसंसंच दिसतं. तरी त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. औषधांच्या दुकानाचे मालक क्लबातले त्यांचे दोस्त. त्यांना गाठून सांगितलं की ताई येते आहे, या वेळी आभार तुम्ही माना. औषधवाल्यांनी कानाला हात लावले. "अहो, तुमच्यानंतर मी उभा राहिलो तर हसं होईल माझं. त्या इंजिनिअरसाहेबांनाही वाटेल, आपल्यालाच का टाळलं?" आभाररावांनी पुढे आग्रह केला नाही. उलट दुकानाकडे परत येताना त्यांना जरा बरंच वाटत होतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याचा थोडा रागही येत होता.

तो गुरुवार उजाडला. बायकोनं ताईसाठी डबा भरला, प्रवासात पांघरायला मऊ ब्लँकेट घेतलं. ती थेट स्टँडवर जाणार होती. निघताना तिनं एवढंच विचारलं, "नक्की याल ना?" आभारराव चिडले. चिडायचं तेवढं घरातच त्यांना जमायचं.

सभेचं गाडं सुरुवातीलाच अडलं. अध्यक्षांनी आधी गेल्या महिन्याच्या रक्तदानाचा वृत्तांत वाचला. मग प्रोजेक्टर चालेना. क्लबातले इलेक्ट्रिशियन टेबलाखाली शिरले, तिथूनच सूचना देऊ लागले, आणि बाकीचे त्यांच्या पायांशी बोलू लागले. पडद्यावर चित्र उमटलं तेव्हा एरवीची चहाची वेळ जवळ आली होती. इंजिनिअर दिलगीर होते. "मी अगदी थोडक्यात सांगतो," म्हणाले.

आभाररावांनी ओळख दोन वाक्यांत आटपली, फोन ट्रेमध्ये ठेवला आणि दाराला कडी लावली. ही कडी लावताना आपण काय करतो आहोत हे त्यांना नीट कळत होतं. तरी हात थांबला नाही. ते वक्त्याशेजारच्या आपल्या खुर्चीत येऊन बसले.

थोडक्यात सांगतो म्हणणाऱ्या माणसाइतका धोकादायक वक्ता नाही. विषय होता, आपल्या नळाला पाणी कुठून येतं. इंजिनिअर वाईट बोलत नव्हते. त्यांनी सगळी नोकरी त्या पाण्यात घातली होती, आणि इतक्या वर्षांत त्यांना ते कुणी विचारलं नव्हतं. पण ते धरणापासून निघाले. सगळ्यांच्या घड्याळात साडेसात वाजून गेले तरी पाणी अजून पंपघरातच होतं. आभारराव मनातल्या मनात त्या पाण्याला पुढे ढकलत होते. चढावर चढलं, टाकीत पडलं, गाळणीतून गेलं, तशी त्यांना आशा वाटू लागली. मुख्य वाहिनीत आलं तेव्हा ते खुर्चीच्या कडेवर सरकले. आणि तिथे गळती लागली. गळतीचे प्रकार किती, ती शोधायची कशी, पहाटेच्या शांततेत लोखंडी दांडा जमिनीला लावून तो कानाशी कसा धरायचा, हे इंजिनिअर करून दाखवू लागले.

खिडकीतून स्टँडचे दिवे दिसत होते. आठ वाजले आणि बस आली. लांबलचक, आत दिवे लागलेली. ती वळून फलाटाला लागताना आभाररावांना दिसली. दाराजवळच्या ट्रेमध्ये एक फोन थरथरायला लागला. तो त्यांचाच होता. बंद करायला हवा होता, पण या एका वेळी नियम मोडून त्यांनी तो नुसता आवाज घालवून ठेवला होता. फोन थांबला. परत थरथरला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी कपाळाला आठ्या घालून तिकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं आभाररावांनीही आठी घातली.

उठायचं, बास. माणसं काय खाणार होती? "माझी बहीण आली आहे, येतो" एवढे चार शब्द. चाळीसपैकी एकानंही त्यांना अडवलं नसतं, उलट जिन्यापर्यंत सोडायला आले असते. हे त्यांना माहीत होतं. पण समोरचा माणूस डोळे मिटून लोखंडी दांड्यातून पाण्याचा आवाज ऐकत होता, आणि आभाररावांना आठवत होते कागद गुंडाळणारे मास्तर. मग त्यांना ताई आठवत होती, फलाटावरच्या बाकड्यावर बसलेली, प्रत्येक येणाऱ्या माणसाकडे अधू नजरेनं बघणारी. इकडे आड, तिकडे विहीर. शरीर खुर्चीत होतं आणि पायांना घाम सुटला होता. असा किती वेळ गेला, त्यांना सांगता आलं नसतं. फोन तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा ते एकदम उठून उभे राहिले.

इंजिनिअरांनी डोळे उघडले, आभाररावांना उभं पाहिलं आणि ओशाळून म्हणाले, "अरे हो, वेळ झालीच की." ते खाली बसले. लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या. चाळीस चेहरे आभाररावांकडे वळले आणि वाट बघू लागले.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. ते उठले होते जायला, आणि क्लबाच्या नियमाप्रमाणे उठले होते आभार मानायला. तो नियमही त्यांनीच केलेला. अजूनही वेळ होता. दोन वाक्यं बोलून दार गाठता आलं असतं. पण इंजिनिअर मान वर करून असे बघत होते, जसा निकालाच्या दिवशी एखादा पोरगा बघतो. आभाररावांनी तोंड उघडलं. तोंडातून आलं, "आदरणीय अध्यक्ष, आजचे प्रमुख पाहुणे, आणि मित्रहो."

त्यांनी चष्मा पुसला. मग ते बोलले, आणि दुर्दैव असं की फार छान बोलले. दिसत नाही त्या गळतीवर, जमिनीला कान लावणाऱ्या माणसांवर, आपल्या घरातल्या नळाशी उभं असताना ज्यांची आठवण कुणी काढत नाही त्यांच्यावर. आपला आवाज त्यांना लांबून ऐकू येत होता. तो थांबत नव्हता. खिडकीतली बस मागे सरकली, वळली, तरी त्यांनी प्रोजेक्टर दुरुस्त केल्याबद्दल इलेक्ट्रिशियनचे आभार मानले. इंजिनिअरांनी उठून त्यांना मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही.

कडी काढून ते जिना उतरले, धावत रस्त्यावर आले, तर समोरून बसच आली. ती त्यांच्या अंगावरून गेली म्हणायला हरकत नाही. सगळ्या खिडक्यांत दिवे होते. ते हात हलवत फूटपाथवरून पळाले. ताई कोणत्या बाजूला बसली आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तिला दिवसाढवळ्यासुद्धा नीट दिसत नव्हतं.

बायको स्टँडच्या फाटकात भेटली. घरी जाताना निम्म्या वाटेत तिनं सांगितलं, ताई गाडीत चढायला तयार नव्हत्या. एक पाय पायरीवर ठेवून उभ्या होत्या, ड्रायव्हर ओरडत होता. शेवटी भाच्यानं हाताला धरून वर घेतलं.

पुढच्या गुरुवारी हे सगळं औषधवाल्यांच्या तोंडून अध्यक्षांपर्यंत पोचलं होतं. अध्यक्षांनी सभेत सांगितलं. सख्खी बहीण कायमची जात असताना हा माणूस पाहुण्यासाठी जागचा हलला नाही, याला म्हणतात सेवा. सगळे उभे राहिले. टाळ्या थांबेनात. वक्ता-प्रमुख हे पद आता आभाररावांकडे तहहयात राहील, असा ठराव तिथल्या तिथे झाला. आभाररावांना ओरडून सांगावंसं वाटलं की मी हलत होतो, मी उठलो होतो, मला तिचा चेहरा बघायचा होता. त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. लोकांना वाटलं, भारावले. मग त्यांनी सगळ्यांचे आभार मानले.

ताईचा फोन आला तो रविवारी. आवाज नेहमीपेक्षा जवळून येत होता. आभाररावांनी दहा दिवस मनात घोळवलेली वाक्यं काढली. तू माझ्यासाठी जे सोसलंस त्याची परतफेड या जन्मी होणार नाही, इथून सुरुवात केली.

"ते क्लबातलं भाषण मला नको," ताई म्हणाली.

आभाररावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तुझ्या बायकोला सांगणार होते की छोट्याला म्हणावं, मी रागावले नाही. पण नाही सांगितलं. कारण मी रागावले आहे. तुला सगळ्यांची भीड वाटते रे. त्या पाण्याच्या माणसाची वाटली, अध्यक्षाची वाटली. माझी एकटीचीच तेवढी वाटली नाही."

आभाररावांनी सवयीनं चष्मा काढून पुसला. स्वयंपाकघरात बायकोनं नळ बंद केला आणि ती दारात येऊन उभी राहिली.

ताईनंच मग आवाज मऊ केला. लहानपणी मारल्यावर तीच जवळ घ्यायची, तसा. काहीतरी बोलायचं म्हणून, त्याला मोकळं करायचं म्हणून तिनं विचारलं, "या गुरुवारी कोण येणार आहे तुमच्याकडे?"

आभाररावांना डोळ्यांतलं पाणी पुसायलाही सुचलं नाही.

"पक्ष्यांचे एक अभ्यासक आहेत," ते म्हणाले. "फार लांबून येणार आहेत, ताई. त्यांना नाही म्हणता येणार नाही."